कापसाच्या काट्यावरची अक्का

माझी मोठी जाऊ कमलबाई निवांत बसलेली मी कधी पाहिली नाही. गप्पा मारायला बसली तरी तिच्या हातात लसूण असतो, आणि आपला संपला की ती शेजारणीचा ओढून घेते. टीव्हीसमोर बसली तर जाहिरातीत उठून भांडी लावते, आणि मालिका परत सुरू झाली की ती उभ्यानेच बघते. बसल्या जागी तिचा गुडघा हलत असतो. फाट्यावर एसटीची वाट बघताना ती येरझाऱ्या घालते, जणू तिच्या चालण्याने गाडी लवकर येणार आहे. तिच्याकडे बघून मला धाप लागते, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे.

शिंदखेड्याजवळ बुराई नदीच्या अंगाला आमचं गाव. घरात दोघे भाऊ एकत्र, थोरले निंबाभाऊ आणि धाकटे गिरधर. थोरल्याची ती, धाकट्याची मी, दिपमाला. घरात आणि गावात तिला सगळे अक्का म्हणतात, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा.

आता कुणीही विचारेल, इतकी हलणारी बाई जाड कशी? पण होती. चांगलीच होती. आकडा सांगणार नाही, कारण हे सगळं लिहू का असं मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिख. पन मनं वजन लिखू नको."

जाडीचं कारण आमच्या स्वयंपाकघरात होतं. आमच्याकडे आधी गडीमाणसं जेवतात, मग पोरं, मग सुना, आणि सगळ्यांच्या शेवटी अक्का. तिचं ताट असं कधी वाढलंच जायचं नाही. चुलीशी उकिडवी बसून ती उरलेलं संपवायची. पोरांनी टाकलेला भात, कालची भाकरी कुस्करून, शेवभाजीच्या तळाशी राहिलेली तेलाची तर्री, कुणी अर्धी सोडलेली पुरी. काही टाकायचं नाही, हा तिचा नेम. भूक किती आहे हे ती बघायचीच नाही, पातेल्यात किती राहिलंय तेवढं बघायची. सकाळपासून दुपार कलेपर्यंत नुसता चहा, आणि मग एकदम घरभराचं उरलंसुरलं. वर म्हणायची, "मी कोठे काय खास? बठ्ठासनं झायं का मंग दोन घास." सगळ्यांचं झाल्यावर आपण दोनच घास खातो, असं तिला खरंच वाटायचं. मला याचा इतका संताप यायचा, की एकदा उरलेला भात मी तिच्या डोळ्यांदेखत म्हशीपुढे नेऊन ओतला. नंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती.

तिचा मुलगा ललित शिंदखेड्याला दुकान चालवतो. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींमध्ये तांब्याची तार नव्याने भरून द्यायची, हे त्याचं काम. गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला त्याच्या पायांना सूज आली. साहेबांनी काय करावं, तर मोठ्या मापाची चप्पल घेतली. मग तोंड सुजलं, तेव्हा त्याच्या बायकोने, ज्योतीने, त्याला जवळजवळ ओढतच धुळ्याला नेलं. रक्तदाब कधीचा वाढून बसला होता आणि कुणाला पत्ता नव्हता. दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, पाणी मोजून प्यायचं, केळं बंद, टमाटे बंद, डाळ नावाला. तिशी न गाठलेला पोरगा खाटेवर पडून छताकडे बघायचा, आणि कुणी पाणी प्यायलं की तिकडे मान वळवायचा. आम्ही सगळे त्याच्या नजरेआड जाऊन पाणी प्यायला शिकलो.

किडनी बदलायची तर ती द्यायची कुणी? ज्योतीचा रक्तगट जुळेना. निंबाभाऊंचाही नाही, शिवाय त्यांना स्वतःलाच साखरेचा आजार. अक्काचा जुळला. आम्ही तिला घेऊन नाशिकच्या हॉस्पिटलात गेलो. ती तिथेही बसेना. टोकनची खुर्ची सोडून वऱ्हांड्यात फिरत होती. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले आणि म्हणाले, "आई देऊ शकतील, पण या वजनावर नाही. साखरसुद्धा काठावर आहे. एक दिल्यावर उरलेल्या एका किडनीवर यांना पुढचं आयुष्य काढायचंय. वजन उतरवा, साखर खाली आणा, मग पुढच्या तपासण्या करू."

परतीच्या गाडीत अक्काचा गुडघा एवढा हलत होता की ज्योतीने शेवटी त्याच्यावर हात ठेवला. पोराचा जीव आईच्या वजनावर येऊन अडकला होता, आणि हे गाडीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

त्याच हॉस्पिटलातल्या आहार सांगणाऱ्या बाईंनी तिला नीट समजावलं होतं. वेळेवर खा, थोडं थोडं खा, भाजी जास्त, तेल कमी, रोज भरभर चाला. अक्काने त्यातलं एकच ऐकलं, वजन उतरवायचं. आणि वजन उतरवायचं म्हणजे खायचं नाही, यात समजावण्यासारखं काय आहे, असं तिचं म्हणणं. बरं, आमच्याकडच्या बाईने खाणं सोडायचं तर कसं सोडायचं? उपास धरून. सोमवार ती आधीपासून करायचीच. आता गुरुवार धरला, शनिवार धरला, चतुर्थी, एकादशी, प्रदोष, आणि श्रावण लागल्यावर तर सगळा महिनाच धरला. एका दगडात दोन पक्षी मारल्यासारखी ती खूश होती. देवालाही पोराचं गाऱ्हाणं पोचतंय, आणि अंगही उतरतंय.

जोडीला चालणं सुरू केलं. भल्या पहाटे उठून सडा टाकायचा आणि गल्लीतून निघायचं. आता शहरात काय होतं मला माहीत नाही, पण आमच्या गावात मोठ्या घरची बाई रिकाम्या हाताने भरभर चालत निघाली, तर लोक दोनच गोष्टी समजतात. एक तर कुणी गेलं, नाहीतर घरात भांडण झालं. पहिल्याच सकाळी सुपडूआबांनी ओट्यावरून हाक मारली, "अक्का, काय हुई गयं वं?" मग तिने थांबून सांगायचं, डॉक्टरने चालायला सांगितलंय. कशासाठी? ललितसाठी. अरेरे, बस थोडी, चहा घे. आणि चहाला नाही म्हणायचं नाही, त्यातून पोराच्या आजारपणाची विचारपूस करणाऱ्या घरी तर नाहीच. पुढच्या ओट्यावर हेच, त्याच्या पुढच्या ओट्यावर हेच. आमच्याकडचा चहा म्हणजे साखरेच्या पाकात दूध. गल्लीच्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत तिच्या पोटात इतके कप गेलेले असायचे, की चालून काय घटत होतं ते देव जाणे.

तिला रोज वजन बघायचं असायचं. उपकेंद्रातला काटा नर्सबाई येतील तेव्हाच मिळणार, आणि अक्काला तेवढा धीर कुठला! गावात दुसरा काटा उखर्डूभाऊंचा. ते हंगामात गावातला कापूस घेतात. पावसाळ्यात त्यांचा तो मोठा इलेक्ट्रिक काटा पत्र्याच्या शेडमध्ये गोणपाट पांघरून पडलेला असतो. अक्का सकाळी जाऊन गोणपाट काढायची आणि चपला बाजूला ठेवून काट्यावर उभी राहायची. उखर्डूभाऊ मोठ्या आवाजात आकडा वाचायचे, सवयच त्यांची, शेवटच्या गाडीवाल्यालाही ऐकू गेलं पाहिजे. वर म्हणायचे, "अक्का, माल वल्ला शे, कितलं कापू?" ओल्या कापसाचं वजन कापतात तसं हिचंही कापायची तयारी. ती हसायची नाही. "कापी टाका भाऊ, जितलं कापता ई तितलं," म्हणायची, आणि परत आकड्याकडे बघायची.

आकडा हलत नव्हता. मग हलला, तो वर.

तिला वाटलं काटा बिघडला. उखर्डूभाऊंनी युरियाचं पोतं ठेवून दाखवलं, पोतं बरोबर भरलं. तिने काट्यावरून उतरून हातातल्या बांगड्या काढल्या आणि परत चढली. मी तिथेच उभी होते. मला हसूही आवरेना आणि रडूही.

श्रावण संपल्यावर तपासणीला आम्ही धुळ्यालाच गेलो, ललितच्या डायलिसिसच्या दिवशी. तिथे आहाराचं बघणारी मेघा नावाची मुलगी होती, अंगाने काडी. रिपोर्टात अक्काची साखरही वाढलेली निघाली. मेघाने विचारलं, "अक्का, दिवसभरात काय खाता?"

"काहीच नई. उपास राहास मना."

मेघाने माझ्याकडे बघितलं. मी गप्प बसणार थोडीच? मी सगळं सांगितलं. सकाळी साबुदाण्याची खिचडी, तुपात, दाण्याचा कूट घालून. दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. मध्ये बटाट्याचा कीस, केळीचे वेफर्स. तोंड कोरडं पडलं की राजगिऱ्याचा लाडू. संध्याकाळी रताळं. आणि गल्लीतला चहा. शिवाय उपास नसेल त्या दिवशी पातेल्यांचं उरलंसुरलं आहेच.

मेघा हसली नाही, त्याबद्दल मी तिला आजही मानते. ती म्हणाली, "अक्का, भाकरी सोडून तुम्ही तिच्या दुप्पट पिष्ट आणि तूप खाताय. त्यापेक्षा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मेथीची भाजी खा ना. पोटभर खा. पण वेळेवर, आणि ताजं."

बाहेर आल्यावर अक्का हॉस्पिटलच्या पायरीवर बसली. खरोखर बसली, गुडघासुद्धा न हलवता. मला भीती वाटली. ती म्हणाली, "दिपमाला, मी उपास करी करी त्याले मारी राहिनी का वं?"

मी तिला उठवलं आणि गाडीत बसवलं. रस्ताभर माझ्या डोक्यात एकच होतं, हिला वेळेवर ताजं जेवायला घालायचं म्हणजे हिला सगळ्यांच्या आधी जेवायला घालायचं. आणि ते आमच्या घरात कसं व्हायचं?

दुसऱ्या दिवशी मी भाकऱ्या टाकल्या, पहिल्या तव्यातली कळण्याची भाकरी ताटात ठेवली, मेथी, मुगाची उसळ, काकडी. आणि अक्काला हाताला धरून बसवलं. ती बसेना. गडी शेतातून यायचेत, म्हणाली. येऊ देत, मी म्हणाले. ती भिंतीकडे तोंड करून, चोरून खाल्ल्यासारखी घाईघाईने खायला लागली. तेवढ्यात निंबाभाऊ आले. हातपाय धुऊन आत पाऊल टाकलं आणि जागीच उभे राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायको जेवताना त्यांनी कदाचित कधी पाहिलीच नव्हती. अक्का ताट हातात घेऊन उठायला लागली.

"बस, अक्का," मी म्हणाले. आणि मी, जी जेठांसमोर, म्हणजे थोरल्या दिरांसमोर, मान वर करून कधी बोलले नाही, मी त्यांना सांगितलं, "भाऊ, ललितचं औषध चालू आहे. जरा बाहेर थांबा."

ते मागे फिरले. ओट्यावर जाऊन बसले. मी दारातून बघितलं, एक काडी घेऊन जमिनीवर रेघा ओढत होते. भुकेला माणूस, सकाळपासून निंदणीवर. मलाच वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक गोष्ट सुरू केली. अंगणात आले की आधी खोकायचे. मग थांबायचे. मग परत एकदा खोकायचे आणि आत यायचे. घरात कुणी त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही, पण त्या दोन खोकल्यांच्या मधल्या वेळात अक्का शांतपणे जेवायला शिकली.

उरलेल्याचा प्रश्न मी ज्योतीवर सोपवला. ती तरुण आहे, तिने सरळ पातेली लहान केली. एवढं साधं आम्हाला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

चालण्यावर तोड अक्कानेच काढली. एका सकाळी ती दुधाचा रिकामा कॅन घेऊन निघाली. कारण दूध घेऊन जाणाऱ्या माणसाला आमच्याकडे कुणी थांबवत नाही. डेअरीची वेळ चुकली तर दूध परत येतं, हे सगळ्यांना माहीत. सुपडूआबांनी नुसता हात वर केला. अक्का कॅन हलवत भरभर निघून गेली, गल्ली ओलांडून पाटाच्या रस्त्याला. मलाही तिने एक कॅन दिला. आम्ही दोघी रिकामे कॅन घेऊन पाटाच्या कडेने सुसाट चालायचो. सुसाट ती, मी आपली मागून. "चाल ना वं, पाय का उसना आनात?" असं ती वळून वळून ओरडायची. महिनाभर डेअरीवाल्याला कळेना की एवढं दूध जातंय कुठे.

व्यायामाचं मात्र तिला पटत नव्हतं. धुळ्याच्या हॉस्पिटलातला एक मुलगा हातापायांचे व्यायाम शिकवायला लागला, तेव्हा ती म्हणाली, "मी निंदणी करस, पानी भरस, कापूस येचस. आखो व्यायाम कसाना?" आणि मला आधी तिचंच खरं वाटायचं. पण त्या मुलाने तिला खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं, तर तिला उठवेना. दिवसभर वाकून काम करणारी बाई, आणि मांड्यांत जोर नाही. काम एका बाजूला अंग मोडत राहतं आणि दुसऱ्या बाजूला जोर काही येत नाही, असं तो म्हणाला. ते तिला लागलं. मग भिंतीला पाठ लावून उठाबशा, कॅनमध्ये पाणी भरून दोन्ही हातांनी वर उचलणं, सगळं सुरू झालं. पडवीत ही कॅन वरखाली करतेय आणि आत खाटेवर ललित बघतोय. पहिल्यांदा तो हसला. कितीतरी दिवसांनी घरात त्याच्या हसण्याचा आवाज आला, आणि अक्काने मुद्दाम आणखी जोरात कॅन उचलला.

कापूस निघायला लागला तसा आकडा उतरायला लागला. हंगामात काट्यावर गाड्यांची रांग, पण उखर्डूभाऊ गाडीवाल्यांना थांबवून आधी अक्काला चढवायचे. आता ते हळू आवाजात वाचायचे. गाडीवालेच माना पुढे करून विचारायचे, "कितलं उतरनं, अक्का?" सगळ्या गावाचा जीव त्या काट्यात गुंतला होता. मला कधी बरं वाटायचं, कधी चीड यायची. बाई आहे ती, गाठोडं नाही.

मग भरताचे दिवस आले. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, शेतात पंगती बसवायच्या, आणि तेल तर एवढं की भरतात बोट बुडावं. सगळीकडून बोलावणी. अक्का जायची, भरीत ठेचायची, वाढायची, आणि स्वतःसाठी बिनतेलाचं थोडं आधीच काढून ठेवायची. "जरासं खाई ले वं," असं कुणी म्हटलं की मी मध्ये पडायचे आणि वाईटपणा घ्यायचे. माझ्या तोंडाची ख्याती होतीच, ती एकदाची कामाला आली.

त्याच थंडीत ललितला डायलिसिसची सुई टोचतात त्या जागी इन्फेक्शन झालं आणि ताप उतरेना. धुळ्याला त्याला भरती केलं. त्या दिवसांत अक्काने चालणं सोडलं नाही, ते हॉस्पिटलच्या जिन्यावर केलं. वर, खाली, वर, खाली. वॉचमन वैतागला. मी म्हणाले, अक्का, बस जरा. ती म्हणाली, "मी बसनी तं तो बी पडी राही." याला काही अर्थ होता का? नव्हता. पण मीही तिच्यामागे जिना चढत राहिले, कारण खाली बाकावर बसून मलाही काही होत नव्हतं. ताप उतरला. आणि संक्रांतीनंतर नाशिकच्या डॉक्टरांनी तिचे नवे रिपोर्ट बघून मान हलवली. वजन चालेल. साखर चालेल. किडनी उत्तम.

पुढे ऑपरेशन झालं, ललित आज दुकानात बसतो आणि मोटारी भरतो, हे आत्ताच सांगून टाकते, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण ऑपरेशनच्या आधी एक खोली होती, त्या खोलीतलं मला सांगायचं आहे.

किडनी देणाऱ्याला तिथे एकट्याला आत बोलावतात, कॅमेरा लावतात आणि विचारतात. आत दोन डॉक्टर आणि एक समाजसेविका बाई होत्या. बाई मुंबईकडच्या, त्यांना अक्काचं बोलणं उमजेना. त्या म्हणाल्या, तुमची भाषा कळणारं, तुमच्या विश्वासाचं कुणी आहे का? बाहेर निंबाभाऊ होते, ज्योती होती. अक्काने माझ्याकडे बोट केलं. इथलं बाहेर बोलायचं नाही, असं मला त्यांनी बजावून आत घेतलं. मी ते पाळलं. आज लिहितेय ते अक्का म्हणाली म्हणून.

बाईंनी विचारलं, "तुम्ही किडनी स्वतःच्या मर्जीने देताय ना? घरच्यांनी भाग पाडलं, बोलून दाखवलं, असं काही?"

अक्का माझ्याकडे वळली. "काय इचारी राहिन्यात त्या?"

"तुझ्या मनाने देतेस का, असं विचारतायत."

"मना मनथीन?" तिला प्रश्न कळला होता, पण तो तिला कुणी विचारावा हे कळत नव्हतं. मग ती हळूहळू बोलायला लागली, बाईंकडे बघत. "बाई, लगीन कोनासंगे करू, इचारं नई. पोरं कितला पाहिजेत, इचारं नई. भूक लागनी का, ते बी कोनी इचारं नई. डॉक्टरनी सांगं किडनी जुळनी, तं बठ्ठा मना वजनकडेच देखाले लागनात. तू देशी का, हाई कोनीच इचारं नई."

आणि ती रडायला लागली. मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि तेव्हाच मला उमगलं. खरंच कुणी विचारलं नव्हतं. मी तिच्यासाठी भाकऱ्या टाकल्या, जेठांना बाहेर थांबवलं, भरताच्या पंगतीत लोकांशी भांडले, आणि हे विचारायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

जेमतेम मी सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची जवळ ओढली. "अक्का, तुम्हाला नको असेल तर नको म्हणा. आम्ही बाहेर फक्त एवढंच सांगू, की तपासणीत जमत नाही असं निघालं. तुम्ही नाही म्हणालात हे तुमच्या घरी कुणालाही कधी कळणार नाही. अगदी शेवटच्या दिवसापर्यंत तुम्ही नाही म्हणू शकता."

मी हे तिला आमच्या बोलीत सांगितलं. सांगताना डोळ्यांसमोर ललित होता. एक शब्द मी गाळला असता तर? पण नाही गाळला. सगळं सांगितलं, जसंच्या तसं.

अक्काने डोळे पुसले. तिचा गुडघा थांबला होता, हात मांडीवर होते. ती कितीतरी वेळ बाईंकडे बघत राहिली.

"नई सांगाले चालस?" तिने मला विचारलं. "खरंच चालस?"

"चालतं, अक्का."

"आनि कोनले समजाव नई?"

"कोणाला नाही."

ती ताठ बसली, अशी ताठ मी तिला घरात कधी पाहिली नव्हती, आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "मंग मी हां सांगस. लिखी ल्या, मना मनथीन."

त्यांनी लिहून घेतलं. तिने सही केली. आम्ही बाहेर आलो. निंबाभाऊ दाराशीच उभे होते, टोपी हातात, चेहरा उतरलेला. तिच्याकडे न बघता त्यांनी मला विचारलं, "काय सांगं तिनी?"

"भाऊ," मी म्हणाले, "तिलाच विचारा."